हवेतलं बारीक प्लॅस्टिक शोधतात कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवेचे फिल्टर तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे मायक्रोप्लॅस्टिकची एखादी बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपपासून भावकीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे मलाच टॅग करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा बसून लिहून काढले. आजारांबद्दल कमी आणि मोजण्याबद्दल जास्त लिहिलंय, कारण खरा घोळ तिथेच आहे.

हवेत खरंच प्लॅस्टिक असतं का, की हे पण एक फॅड?

असतं, यात आता वाद नाही. मायक्रोप्लॅस्टिक हा शब्द २००४ मध्ये रिचर्ड थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांच्या पेपरमुळे चालू झाला, पण तेव्हा सगळं लक्ष समुद्रावर होतं. हवेकडे लोक वळले ते २०१५ च्या सुमारास, पॅरिसजवळच्या टीमने छतावर मोठं नरसाळं आणि खाली बाटली ठेवून वरून काय काय पडतं ते गोळा केलं तेव्हा. दर चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ११८ कण निघाले, आणि त्यातले बहुतेक धागे. मग २०१९ मध्ये फ्रान्सच्याच पिरेनीज डोंगरात, जिथे आसपास शहर नाही कारखाना नाही, तिथे दिवसाला चौरस मीटरमागे सरासरी ३६५ कण सापडले. डोंगरात शहराच्या तिप्पट? तर नाही, तसं नाहीये ते, आणि त्याचं कारण पुढे येईल.

त्यानंतर आर्क्टिकच्या बर्फात सापडलं, एव्हरेस्टवर ८,४४० मीटरवरच्या बर्फात सापडलं, २०२३ मध्ये जपानी लोकांनी फुजी डोंगरावरच्या ढगांचं पाणी गोळा केलं तर त्यातही लिटरमागे ६.७ ते १३.९ कण निघाले. म्हणजे हवेतून ते लांब लांब जातं हे पक्कं.

केवढे असतात हे कण? डोळ्यांना दिसतात का?

५ मिलिमीटरपेक्षा लहान ते सगळं मायक्रोप्लॅस्टिक, अशी ढोबळ व्याख्या आहे. पण हवेच्या बाबतीत ५ मिलिमीटरला काही अर्थ नाही, एवढा तुकडा श्वासात कोण घेणार. आपल्याला मतलब मायक्रॉनशी. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. १० मायक्रॉनच्या वरचं बरंचसं नाकात आणि घशातच अडकतं, त्याखालचं आत जातं, आणि अडीच मायक्रॉनच्या खालचं फुफ्फुसात खोलवर पोचतं. १ मायक्रॉनच्याही खालच्याला नॅनोप्लॅस्टिक म्हणतात.

सकाळी खिडकीतून ऊन आत आलं की त्या पट्ट्यात जे तरंगताना दिसतं त्यात धागे असतात, त्यातले काही पॉलिएस्टरचे असतात. पण जे दिसतंय ते बहुतेक नाकातच अडकणारं आहे. काळजी करायची ती न दिसणाऱ्याची, आणि नेमकं तेच मोजायला अवघड.

येतं कुठून एवढं?

घरात म्हणाल तर कपडे, पडदे, सोफा, कार्पेट, आणि ती लोकरीसारखी मऊ ब्लँकेटं मिळतात ना दोन हजारात, ती. सोलापुरी चादर सुती, तिचा तूस पडला तरी तो कापूस. ते मऊ ब्लँकेट शंभर टक्के पॉलिएस्टर, आणि ते झटकलं की काय उडतं ते उन्हात बघा एकदा. कपडे नुसते अंगावर घालून वावरलं तरी धागे सुटतात, इटलीतल्या एका टीमने २०२० मध्ये दाखवलं की पॉलिएस्टरचे कपडे वापरताना हवेत जेवढे धागे जातात ते धुताना पाण्यात जाणाऱ्यांच्या तोडीचे असतात.

बाहेर म्हणाल तर रस्ता. टायर झिजतात, रोडवरचे पांढरे पिवळे पट्टे झिजतात, पडलेल्या पिशव्या गाड्यांखाली येऊन त्यांचा भुगा होतो आणि मग गाड्याच तो धुरळा उडवतात. अमेरिकेच्या पश्चिम भागासाठी २०२१ मध्ये एका मॉडेलने हिशोब मांडला होता की तिथल्या हवेतल्या मायक्रोप्लॅस्टिकपैकी ८४ टक्के रस्त्यांवरून येतं, ११ टक्के समुद्राच्या तुषारांतून आणि ५ टक्के शेतातल्या धुळीतून. आकडे तिथले आहेत, जसेच्या तसे इकडे लावू नका, पण रस्ता हा मोठा सोर्स आहे हे आपल्याकडेही पटण्यासारखं आहे. त्यात आपल्याकडे कचरा जाळण्याची भर. जळताना प्लॅस्टिकचं बरंचसं गॅस आणि काजळी होतं, सगळे तुकडे म्हणून राहत नाहीत, म्हणून ते वेगळ्या खुणेने ओळखतात. ट्रायफिनाइलबेंझीन नावाचं एक रसायन प्लॅस्टिक जळल्यावर तयार होतं, ते फिल्टरवर सापडलं की जवळपास कुणीतरी पिशव्या पेटवल्यात असं समजायचं.

हवेतून ते पकडतात कसं?

दोन पद्धती. पहिली आळशी पद्धत, वर पॅरिसची सांगितली ती, भांडं ठेवा आणि पडेल ते गोळा करा. वीज नको, पंप नको, महिनाभर ठेवता येतं. पण जे पडतं तेच मिळतं, जे तरंगत राहतं आणि आपण श्वासात घेतो ते त्यात येईलच असं नाही. म्हणून त्याचा आकडा 'दर चौरस मीटर दर दिवस' असा असतो. दुसरी पद्धत पंपाची. ठरावीक वेगाने हवा ओढायची आणि फिल्टरमधून सोडायची. पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या धुळीचा, साधा सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर ओढतो, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर, आणि मोठ्या माणसाचा दिवसभराचा श्वास साधारण १५ घनमीटरच्या आसपास धरतात, त्यामुळे तो फिल्टर बघताना आपण एका माणसाच्या दीडेक दिवसाची हवा बघत असतो असं म्हणायला हरकत नाही. याचा आकडा 'दर घनमीटर' असा येतो. बातमीत हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केलेली दिसली तर तिथेच वाचणं थांबवा.

एक मजेशीर तिसरी पद्धत पण आहे. जर्मनीत ओल्डेनबर्गच्या लोकांनी २०२२ मध्ये बसस्टॉपवरची कोळ्याची जाळी गोळा केली, कारण जाळं चिकट असतं आणि फुकट असतं, आणि सगळ्या जाळ्यांमध्ये प्लॅस्टिक निघालं, काहींत तर जाळ्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत. घरातली जळमटं काढताना हे आठवायला हरकत नाही.

फिल्टरवर तर माती, काजळी, परागकण सगळंच असणार, त्यातून प्लॅस्टिक ओळखायचं कसं?

हाच मुख्य प्रश्न, जरा दमाने वाचा.

आधी साफसफाई. फिल्टरवरचं सगळं ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कोमट ठेवतात, त्यात परागकण, बुरशी, किड्यांचे पंख वगैरे बरंचसं विरघळतं आणि प्लॅस्टिक टिकतं. जोरदार ॲसिड घालून काम लवकर होतं पण त्यात नायलॉनही जातं, मग रिपोर्टात नायलॉन शून्य. मग माती वेगळी करायची. मातीचे कण जड, घनता २.६ च्या आसपास, आणि प्लॅस्टिक हलकं, पॉलिथिन १ पेक्षा कमी, पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं आणि पॉलिएस्टरचं प्लॅस्टिक) १.३८. झिंक क्लोराइडचं १.६-१.७ घनतेचं द्रावण केलं की माती खाली बसते आणि प्लॅस्टिक वर तरंगतं. वरचं काढून परत दुसऱ्या फिल्टरवर घ्यायचं.

आता ओळख. नुसतं मायक्रोस्कोपखाली बघून 'हे प्लॅस्टिक' म्हणणं हा जुना प्रकार, आणि त्यात लोक भरपूर फसलेत. माझ्या टेबलावर रोज येणारं उदाहरण सांगते. फिल्टरवर निळाशार, एकसारख्या जाडीचा, गुळगुळीत धागा दिसतो, बघणारा प्रत्येक नवीन विद्यार्थी लगेच 'मॅडम पॉलिएस्टर!' म्हणतो, आणि मशीनखाली घेतला की तो निघतो जीन्सचा सुती धागा. निळीने रंगवलेला कापूस. जगातल्या कुठल्याही फिल्टरवर निळे धागे असतातच कारण जीन्स सगळेच घालतात. पॅरिसच्या टीमने घरातले धागे तपासले तेव्हाही ६७ टक्के नैसर्गिक निघाले होते, प्लॅस्टिकचा अंश असलेले ३३ टक्केच.

म्हणून केमिकल ओळख लागते. त्यात एफटीआयआर म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश टाकून बघायचा, कुठले तरंग शोषले गेले त्यावरून पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकची जात, कळतो. भरवशाची पद्धत, पण साधारण १०-२० मायक्रॉनच्या खाली तिचा दम संपतो. त्याच्या खाली रामन. हो, आपले सी. व्ही. रामन, १९२८ चा शोध. लेझर टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग किती सरकला ते बघायचं. पॉलिस्टायरिन असेल तर १००१ च्या आकड्यावर टोकदार सुळका उभा राहतो, इतका स्वच्छ की एकदा बघितला की विसरत नाही. पीईटीला १६१५ आणि १७२६ च्या आसपास दोन. रामन १ मायक्रॉनपर्यंत जातो. पण त्याचे नखरे खूप. कण रंगीत असेल तर रंगाचाच सिग्नल येतो, निळ्या प्लॅस्टिकमधला थॅलोसायनिन रंग तर इतका ओरडतो की खालचा पॉलिमर ऐकूच येत नाही. कण काळा असेल तर लेझरने तापून जळतो. आणि जैविक घाण राहिली असेल तर सगळा स्क्रीन चमकून पांढरा.

तिसरी पद्धत तापवून बघायची. हवा न लागू देता सहाशेएक डिग्रीला तापवायचं, प्लॅस्टिक तुटून जे वायू होतात ते क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर या वायू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रांमध्ये मोजायचे. यात किती कण ते कळत नाही, किती वजन ते कळतं. आकाराची अडचण नाही, नॅनोपण चालतं. पण इथे एक मोठा खड्डा आहे, पॉलिथिन तापवल्यावर जे तुकडे मिळतात तसलेच चरबी तापवल्यावरही मिळतात. हवेच्या सॅम्पलमध्ये हे सांभाळता येतं, पण मेंदू, यकृत असल्या चरबीवाल्या अवयवांमध्ये 'एवढे ग्रॅम पॉलिथिन सापडलं' असं कुणी म्हटलं की जाणकार लोक भुवया उंचावतात त्या याच कारणाने.

नाइल रेड नावाचा रंग टाकून चमकणारे कण मोजायचे ही स्वस्त पद्धत पण फार चालते. कॉलेजला ठीक. नाइल रेड तेलकट कशालाही चिकटतो, त्यामुळे त्यावरून वरवरचा अंदाज घ्यावा, निकाल देऊ नये.

प्रत्येक बातमीत आकडा वेगळा का असतो? कुणी म्हणतं दिवसाला शंभर कण, कुणी म्हणतं हजारो.

कारण प्रत्येकाची चाळण वेगळी. गव्हाच्या चाळणीने चाळून मैद्याच्या चाळणीशी हिशोब जुळवायला गेलात तर जुळेल कसा? ज्या टीमचं मशीन ५० मायक्रॉनच्या खाली बघूच शकत नाही तिला शंभर कण दिसतील, जिचं १ मायक्रॉनपर्यंत बघतं तिला हजारो दिसतील, हवा तीच असली तरी. कारण प्लॅस्टिक जितकं लहान तितके तुकडे जास्त.

पक्कं उदाहरण घ्या. फ्रान्समधल्या तुलूजच्या टीमने २०२५ मध्ये स्वतःची घरं आणि गाड्या तपासल्या, रामनने, १ ते १० मायक्रॉनचे कण धरून. घरात घनमीटरमागे ५२८, गाडीत २,२३८. त्यावरून त्यांनी काढलं की मोठा माणूस दिवसाला या साइझचे सुमारे ६८,००० कण आत घेतो, आधीच्या अंदाजांच्या शंभरेक पट. बातम्या आल्या 'प्रदूषण शंभर पट वाढलं'. वाढलं काही नव्हतं, चाळण बारीक झाली होती. आणि सॅम्पल किती, तर १६. हे वाईट काम नाही, चांगलं काम आहे, पण १६ सॅम्पलवरून नाशिकच्या माणसाचा आकडा काढू नये एवढंच.

बाटलीबंद पाण्याचंही तेच झालं. २०१८ मध्ये लिटरमागे सरासरी ३२५ कण, २०२४ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीने नव्या लेझर पद्धतीने बघितलं तर लिटरमागे सुमारे २,४०,०००, त्यातले ९० टक्के नॅनो. पाणी तेच.

वरच्या पिरेनीज आणि पॅरिसच्या तुलनेचं उत्तरही यातच आहे. पॅरिसवाले धागे बघत होते, पिरेनीजवाले त्याहून बारीक तुकड्यांपर्यंत गेले होते.

आणखी एक गंमत म्हणजे कणांची संख्या आणि वजन. १० मायक्रॉनच्या एका गोल कणाचं जेवढं वजन तेवढंच १ मायक्रॉनच्या १,००० कणांचं. म्हणजे 'हजार कण' आणि 'एक कण' हे वजनात सारखे असू शकतात. आकडा घाबरवायला वापरायचा असेल तर संख्या सांगायची, शांत करायला वापरायचा असेल तर वजन सांगायचं, असं चालतं हे.

आणि शेवटचं, जे पेपरच्या आत दडलेलं असतं. अख्खा फिल्टर रामनखाली बघायला इतका वेळ लागतो की कुणी अख्खा बघत नाही. समजा ५ टक्के भाग बघितला, त्यात ६ कण सापडले, तर गुणिले २० करून १२० लिहितात. त्या ६ मधला एक जरी चुकीचा असेल तर निकालात २० चा फरक. म्हणून बातमी वाचताना तीन गोष्टी शोधायच्या: किती मायक्रॉनपर्यंत बघितलं, कुठल्या मशीनने, आणि ब्लँक किती आला.

ब्लँक म्हणजे काय?

कोरा फिल्टर. सगळं तसंच करायचं, नेण्यापासून धुण्यापर्यंत, फक्त त्यातून हवा ओढायची नाही. तरी त्यावर प्लॅस्टिक सापडतं. नेहमी सापडतं. कारण लॅबची हवा पण हवाच आहे, आपल्या अंगावर कपडे आहेत, बाटल्यांची झाकणं प्लॅस्टिकची आहेत. म्हणून या कामाला सुती ॲप्रन घालतात, काचेची आणि स्टीलची भांडी वापरतात, द्रावणं सुद्धा गाळून घेतात. हातमोज्यांचा तर किस्साच झालाय: २०२० मध्ये जर्मन टीमने दाखवलं की डिस्पोजेबल ग्लोव्हजवर जे स्टिअरेट नावाचं साबणासारखं रसायन असतं ते मशीनला हुबेहूब पॉलिथिनसारखं दिसतं. म्हणजे सॅम्पल स्वच्छ राहावं म्हणून घातलेले ग्लोव्हजच 'प्लॅस्टिक सापडलं' म्हणून मोजले जाऊ शकतात.

ज्या रिपोर्टमध्ये ब्लँकचा आकडाच दिलेला नाही तो रिपोर्ट मी पुढे वाचत नाही. कडक वाटेल पण इलाज नाही.

माझ्याकडे ॲमेझॉनवरून घेतलेला एअर क्वालिटी मीटर आहे, त्यात दिसेल का?

नाही. त्या डबीत छोटा लेझर आणि छोटा पंखा असतो, कण समोरून गेला की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून तो पीएम २.५ चा अंदाज बांधतो. कण प्लॅस्टिकचा आहे, उदबत्तीचा आहे की फोडणीचा आहे हे त्याला कळायचा काही मार्गच नाही. 'मायक्रोप्लॅस्टिक डिटेक्टर' म्हणून कुणी असली डबी विकत असेल तर पैसे वाचवा.

मग सरकारी स्टेशनं? सफर ॲपमध्ये काही येतं का?

तिथेही नाही. पुण्याच्या आयआयटीएमची सफर यंत्रणा असो की प्रदूषण मंडळाची स्टेशनं, ती एकूण धुळीचं वजन मोजतात, बऱ्याच ठिकाणी फिल्टरच्या पट्टीतून बीटा किरण किती आरपार गेले त्यावरून. प्लॅस्टिक त्या वजनातच धरलं गेलेलं असतं, वेगळं काढलेलं नसतं. आपल्याकडच्या २००९ च्या मानकांत १२ प्रदूषकं आहेत, पीएम २.५ ला २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, मायक्रोप्लॅस्टिकला मर्यादाच नाही. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ च्या अहवालात हेच म्हटलं की मर्यादा ठरवण्याएवढी माहिती हातात नाही. मोजायच्या पद्धतीची सर्वसाधारण तत्त्वं सांगणारं आयएसओ मानक सुद्धा २०२३ मध्ये आलं. जे एकसारखं मोजता येत नाही त्यावर मर्यादा घालणार कशी.

भारतात कुणी मोजलंय का?

हो. कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या पुढाकाराने दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि चेन्नई अशा चार शहरांतल्या बाजारांच्या हवेत मोजमाप झालं. दिल्ली आणि कोलकाता वर, चेन्नई आणि मुंबई बरीच खाली. मुंबईकरांनी लगेच कॉलर ताठ करू नये, समुद्राचा वारा हवा हलती ठेवतो याचा त्यात वाटा असणारच.

मला स्वतःला मोजलेलं बघायचंय ते पॉवरलूमच्या गावांमध्ये. भिवंडी, मालेगावच्या शेडमध्ये एकदा उभं राहून बघा, खांद्यावर, भुवयांवर तूस बसतो, आणि आता त्यात सिंथेटिक धागा भरपूर. आपण घरातल्या पडद्यांवर चर्चा करतो, तिथला माणूस रोजची अख्खी पाळी त्या हवेत काढतो.

टायरचं इतकं बोलतात पण रिपोर्टमध्ये दिसत का नाही?

कारण टायर काळा असतो. त्यात काजळी भरलेली असते, ती इन्फ्रारेडही गिळते आणि रामनचा लेझरही. त्यामुळे बऱ्याच अभ्यासांत टायरचे कण मोजलेलेच नसतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं नाहीतच. ते शोधायला तापवून बघायची पद्धत किंवा टायरमधल्या विशिष्ट रसायनांचा माग काढावा लागतो. इलेक्ट्रिक गाडी घेतली की हा प्रश्न सुटला असंही नाही, गाडी जड, टायर झिजणारच.

फुफ्फुसात सापडलंय म्हणतात, खरं का? त्याने काय होतं?

सापडलंय. ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये २०२१ साली मृत्यूनंतर तपासलेल्या २० पैकी १३ जणांच्या फुफ्फुसात, इंग्लंडच्या हलमध्ये २०२२ साली जिवंत माणसांच्या ऑपरेशनमधून घेतलेल्या १३ पैकी ११ नमुन्यांत. तसं १९९८ मध्येच अमेरिकेतल्या एका टीमने फुफ्फुसात कापसाचे आणि प्लॅस्टिकचे धागे बघितले होते, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

काय होतं याचं सर्वात ठाम उत्तर कारखान्यांतून मिळतं. नायलॉनचा बारीक भुगा कापडावर चिकटवून मखमलीसारखं कापड करतात, त्या कारखान्यांतल्या कामगारांना फुफ्फुसाचा एक वेगळा आजार होतो हे अमेरिका-कॅनडात १९९० च्या दशकात स्पष्ट झालं. म्हणजे डोस मोठा असेल तर अपाय होतो यात शंका नाही. घरातल्या डोसने किती, यावर संशोधन चालू आहे. २०२४ मध्ये इटलीत मानेच्या रक्तवाहिन्यांत साचलेल्या चरबीच्या थरात (प्लाकमध्ये) प्लॅस्टिक सापडलेल्या रुग्णांना पुढे हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला, पण प्लॅस्टिकमुळेच झालं असं तो अभ्यास सिद्ध करत नाही, आणि लेखकही तसं म्हणत नाहीत. व्हॉट्सॲपवाले म्हणतात.

आठवड्याला एक क्रेडिट कार्ड एवढं प्लॅस्टिक आपण खातो आणि श्वासात घेतो, हे?

विसरा. २०१९ मध्ये ५ ग्रॅमचा तो आकडा आला, आणि चिकटून बसला. २०२१ मध्ये हवा आणि अन्न दोन्ही धरून केलेल्या हिशोबात मोठ्या माणसाचा मधला आकडा आठवड्याला ४ मायक्रोग्रॅमच्या आसपास निघाला. ग्रॅम नाही, मायक्रोग्रॅम. लाखो पटींचा फरक आहे. हा दुसरा आकडाही अंतिम नाही, त्यात बऱ्याच गोष्टी धरलेल्याच नाहीत, पण कार्ड तरी चघळू नका.

घरी बघता येईल का काही?

धागे बघता येतील. काचेची स्वच्छ पट्टी घ्या, अगदी पातळ ग्लिसरीन लावा, कपाटावर एक दिवस ठेवा, झाकू नका. मग फोल्डस्कोपखाली बघा, तो कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप, मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या लॅबने काढलेला, १४० पट मोठं दाखवतो. कापसाचा धागा चपटा आणि पीळ पडलेला दिसतो, रिबिनीसारखा. पॉलिएस्टर काचेच्या कांडीसारखा गोल, सरळ. मग सुईचं टोक लाल होईपर्यंत तापवून त्याच्या जवळ न्या, पॉलिएस्टर किंवा नायलॉन असेल तर आक्रसून वितळतो आणि टोकाला मणी होतो, कापूस असेल तर काळा पडतो. रेयॉन पण कापसासारखाच जळतो, तो लाकडाच्या लगद्याचा असतो म्हणून. मुलांबरोबर करणार असाल तर सुई तुम्ही धरा.

यातून आकडा काढू नका. हे बघण्यासाठी आहे, मोजण्यासाठी नाही.

मास्क, प्युरिफायर, यांचा उपयोग होतो का?

होतो, प्लॅस्टिक म्हणून वेगळा नाही, कण म्हणून होतो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, त्याला कण कशाचा आहे याच्याशी देणंघेणं नाही. एन९५ मास्कलाही कण कशाचा याच्याशी देणंघेणं नाही. 'मास्कच प्लॅस्टिकचा आहे, त्यातूनच धागे येतात' हे अर्धं खरं आहे, काही सुटतात, पण धुळीच्या रस्त्यावर तो अडवतो ते त्याहून जास्त. पण त्याच्या आधी फुकटातलं करा: कोरडा झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा ओलं फडकं मारा, सोफा आणि गाद्या घरात न झटकता गॅलरीत किंवा गच्चीवर न्या, खिडक्या उघड्या ठेवा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा या बाबतीत वाईट असते, पॅरिसला घरात घनमीटरमागे १ ते ६० धागे होते आणि बाहेर ०.३ ते १.५.

अमेरिकेत मुलीकडे कपडे ड्रायरमध्ये वाळवतात, त्याचं काय?

ड्रायरची नळी घराबाहेर सोडलेली असते आणि ती धागे थेट हवेत फेकते. हाँगकाँगच्या अभ्यासात एका ड्रायरमधून वर्षाला १२ कोटीपर्यंत सूक्ष्म धागे जाऊ शकतात असा अंदाज निघाला. जाळीवरचा लिंट वेळच्या वेळी काढायला सांगा, आणि काढताना झटकू नका म्हणावं, ओल्या हाताने गोळा करून कचऱ्यात टाका. शक्य असेल तर स्टँडवर वाळवा. तिकडे काही सोसायट्यांमध्ये बाहेर दोरी बांधू देत नाहीत, हे ऐकून माझ्या सासूबाईंना फार नवल वाटलं होतं.

आमच्या घरातली हवा लॅबला देऊन तपासून मिळेल का?

पैसे दिले तर एखादी लॅब करून देईल, पण हातात काय येईल ते आधी समजून घ्या. 'घनमीटरमागे अमुक कण' असा कागद येईल, आणि तो चांगला की वाईट हे सांगणारी मर्यादाच कुठे नाही. त्यापेक्षा ते पैसे चांगल्या व्हॅक्यूम क्लीनरला लावा. तरीही करायचंच असेल तर आधी विचारा की ब्लँक देणार का आणि किती मायक्रॉनपर्यंत बघणार. समोरचा गडबडला तर दुसरी लॅब बघा.

कॉलेजचा प्रोजेक्ट करायचाय, रामन वगैरे काही नाही आमच्याकडे. जमेल का?

जमेल, प्रश्न छोटा ठेवला तर. 'पुण्याच्या हवेत किती मायक्रोप्लॅस्टिक' असा विषय घेऊ नका, तो होणार नाही. 'हॉस्टेलच्या खोलीत आणि गच्चीवर पडणाऱ्या धाग्यांची तुलना' असा घ्या. स्टीलचं डबडं किंवा काचेचं भांडं, गाळलेलं पाणी, काचफायबरचा फिल्टर, साधा मायक्रोस्कोप, गरम सुई. ५० मायक्रॉनपेक्षा लांब धागेच मोजणार असं आधीच लिहून टाका आणि त्याखालचं सोडून द्या. प्रत्येक ठिकाणी निदान तीन भांडी, आणि प्रत्येक खेपेला तीन ब्लँक. त्या दिवसांत लाल किंवा भडक केशरी रंगाचा सुती शर्ट घाला, म्हणजे तुमचाच धागा सॅम्पलमध्ये पडला तर रंगावरून लगेच ओळखता येईल, ही युक्ती मोठ्या लॅबमध्येही वापरतात. संशयास्पद वाटलेले पाचदहा धागे काचपट्ट्यांमध्ये बंद करून ठेवा आणि विद्यापीठाच्या इन्स्ट्रुमेंट सेंटरला एफटीआयआरची वेळ मागा, बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांना सवलतीत मिळते, पण परीक्षेच्या सुमारास रांग असते म्हणून अर्ज दिवाळीच्या आधीच टाका.